कवडीला अंड्यांवरून उठवलं, बाई

बाई, तुमच्या कवडीला मी अंड्यांवरून उठवलं. दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळण्याआधी मीच सांगते. सांगणारे तिखटमीठ लावून सांगतील, आणि कोंबड्यांच्या बाबतीत तुमचा माझ्यावर आधीच काडीचा विश्वास नव्हता.

तुम्हांला जाऊन अजून महिना व्हायचा आहे. तेरवी झाली, पाहुणे पांगले, मंडपवाला सतरंज्या मोजून घेऊन गेला. तुमचा राजू पुण्याला कामावर परत गेला. तेल्हाऱ्याच्या सासराहून तुमची लेक नंदा आली होती, ती तेवढी राहिली. महिन्याचं जेवण झालं की जाते म्हणाली. तुमच्या घरात आता ती एकटी, आणि मधल्या भिंतीच्या अलीकडे मी आणि आमचे हे. दोघी जावांची घरं वेगळी आणि परसातल्या कोंबड्या एकत्र, असं कसं, म्हणून गल्लीतल्या बाया अजूनही विचारतात. मी सांगते, घराची वाटणी पुरुषांनी केली, कोंबड्या त्यांच्या ध्यानात आल्या नाहीत.

पाहुणे गेले त्याच आठवड्यात कवडी खुडूक झाली. अंडी घालणं बंद, पिसं फुलवून खुराड्याच्या कोपऱ्यात बसून राहायची, जवळ गेलं की घशातून गुरगुरायची. दिवसातून एकदा उठायची, दाणे टिपून दोन घोट पाणी प्यायची आणि घाईघाईनं परत जागेवर. कशावर बसली होती? रिकाम्या जागेवर. खाली एक अंडं नव्हतं.

"काकू, कवडी खुडूक झाली वं," नंदानं भिंतीवरून सांगितलं.

"मंग बुडव तिले बादलीत. दोन दिवस उलट्या टोपल्याखाली ठेव, येते ठिकाणावर."

"आईनं बसवली असती."

"थंडीचे दिवस आहेत पोरी. पिल्लं जगत नाहीत या दिवसांत."

संध्याकाळी पाहते तर तिनं टोपल्यात कुटाराचा भुसा पसरून वर अंडी मांडली होती. त्यांतली काही माझ्या वाट्याची, मला न विचारता उचललेली. अंडी विषम, कुटारात एक कोळसा आणि एक लोखंडी खिळा खुपसलेला, विजेच्या कडकडाटानं अंडी नासू नयेत म्हणून. मार्गशीर्षात कुठली आली वीज? पण तुमची रीत ती तुमची रीत. आई गेलेली पोर आहे, कोंबडी बसवून तिला बरं वाटत असेल तर बसवू दे, असं म्हणून मी गप्प राहिले.

आपलं भांडण जुनं. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हापासूनचं. माझं म्हणणं सरळ होतं. कोंबडी पाळायची ती अंड्यांसाठी, आणि खुडूक कोंबडी म्हणजे रुसून बसलेला जावई, खायला पुढे आणि कामाला नाही. माझ्या माहेरी, मोर्शीला, माझी आई अशा कोंबडीच्या नाकात तिचंच एक पीस आडवं घालायची. कोंबडी दिवसभर ते पीस काढायच्या नादात फिरते आणि बसायचं विसरते. मी तेच तुमच्या तांबडीला केलं. तुम्ही शेतातून आलात, तांबडीला मांडीवर घेतलं, पीस हळूच ओढून काढलं, नाकाला तेल-हळद लावली. मला एका शब्दानं बोलला नाहीत. दुसरा दिवसही तसाच गेला. संध्याकाळी मात्र तुमच्या घरून वाटीभर वांग्याची भाजी आली, ती सुद्धा झाकणाशिवाय, म्हणजे राग अजून गेला नव्हता.

तेव्हापासून गल्लीत माझं नाव पडलं. कोणाची कोंबडी खुडूक झाली की बाया हसून म्हणायच्या, सुमनबाईला बोलवा, ती घालते पीस. तुम्हीही त्यात सामील. आणि मला त्याचा मुळीच राग नव्हता, उलट थोडा तोराच होता.

तुमचा कायदा वेगळा होता. "तिच्या मनात बसायचं आलं, तर उठवणारे आपून कोण?" असं म्हणायच्या. तरी खाली अंडी दिलेली नसतील तोवर तुम्ही ऐकून घ्यायच्या, कधी कधी मला बादलीत बुडवूही द्यायच्या. पण एकदा अंडी दिली, की जगबुडी आली तरी कोंबडीला उठवायचं नाही. ते पाप. मी विचारायची, कोणत्या पोथीत लिहिलं आहे? तुम्ही म्हणायच्या, "माह्या मायनं सांगितलं. तुले पोथीच पायजे असन तर तू लिही."

फाल्गुनातली ती गारपीट आठवते? खुराड्याचा पत्रा उडाला आणि आत तांबडी अंड्यांवर बसलेली. माणसं घरात पळत होती आणि तुम्ही बाहेर पळालात. डोक्यावर काही नाही, आणि कोंबडीवर परात धरून उभ्या. गारा परातीवर तडतड वाजत होत्या. मी दारातून ओरडत होते, अवो बाई, टोपलं उचलून आत आणा! तुम्ही तिथूनच ओरडलात, "हलवली की उठन ती!" गारा थांबल्यावर तुमच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं आणि मी हसून हसून खाली बसले होते. ती सगळी पिल्लं निघाली, हे मात्र मला मान्य करावंच लागलं.

आता हसायला येत नाही. आता मला त्या परातीचा राग येतो.

गेल्या वर्षीच्या चैताबद्दल बोलते आहे मी, तुम्हांला माहीत आहे. नंदाच्या दिराचं लग्न होतं आणि तुम्ही ब्लाऊजचं कापड घेऊन माझ्या मशीनपाशी आलात. तुमचं माप मला तोंडपाठ. तरी सवयीनं टेप लावली, तर दंड उतरलेला, छातीही सैल. म्हटलं, बाई, उपास करून राहिले का काय? तुम्ही म्हणालात, उन्हाळा आहे, जेवण जात नाही. टेप डाव्या बाजूनं फिरवताना तुम्ही माझा हात धरला. धरला म्हणजे दाबूनच धरला. मग मी दार लोटलं आणि तुम्हांला विचारलं, आणि तुम्ही मला छातीतली गाठ दाखवली.

मी शिवणारी बाई, डॉक्टर नाही. पण तेवढं मलाही कळत होतं. मी म्हटलं, उद्याच अमरावतीला चला.

"कवडी बसली आहे न वं. पिल्लं निघू दे, मंग जाऊ."

मी हो म्हटलं. एकवीस दिवसांचा तर प्रश्न. मग पिल्लं निघाली. मग तुम्ही म्हणालात, घारी फिरून राहिल्या, जरा मोठी होऊ दे. मोठी झाली तर पेरणी आली. पेरणी झाली तर निंदणाला बाया मिळेनात. मग पोळा, मग गौरी, मग सोयाबीन काढायला आलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मी चिडायची, तुम्ही हसून दुसरंच काही काढायच्या. मी म्हटलं, बाई, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. तुम्ही म्हणालात, "तुह्या तोंडी बी आता कोंबड्याच आल्या, लागली तुले गोडी." आणि मी, मूर्ख, हसले.

दिवाळीनंतर गेलो शेवटी. तो डॉक्टर तपासून झाल्यावर तुमच्याशी बोललाच नाही, माझ्याशी बोलला. इतके दिवस काय करत होता तुम्ही लोक? माझ्याकडे असं पाहत होता की जणू मीच तुम्हांला घरात कोंडून ठेवलं होतं. मी मान खाली घालून उभी. परत येताना गाडीत तुम्ही खिडकीपाशी बसलात आणि वलगावच्या पुढे आल्यावर एकदम हसायला लागलात. म्हटलं, काय झालं? "त्याले काय सांगू, सुमन? कोंबडी बसली होती म्हणून?" तुम्ही पदर तोंडावर धरून हसत होतात. पुढच्या बाकावरची बाई वळून पाहत होती. मला ते हसणं तेव्हाही आवडलं नव्हतं आणि आजही ते कानातून जात नाही.

मग सुया, सलाईन, केस जाणं, ते सगळं तुम्हांलाही ठाऊक आणि मलाही. ते कशाला उगाळू?

मी तुम्हांला एक कधी विचारलं नाही. तुम्हांला भीती वाटत होती का? कोंबडी, घार, पेरणी, पोळा हे सगळं तुम्ही भीतीवर झाकण म्हणून ठेवत होतात का? शेवटच्या महिन्यात मी तुमच्या उशाशी बसायची तेव्हा रोज वाटायचं, आज विचारू. तुम्ही विचारायच्या, कोंबड्यांची पिलवंडं मोठी झाली का, मुंगूस येऊन गेलं का. मी उत्तरं द्यायची. दोघींनाही ते सोपं जात होतं.

तेरवीला तुमची म्हातारी मावशी आली होती. जेवणं झाल्यावर भिंतीला टेकून बसली आणि सहज बोलावं तसं बोलून गेली, "तिची माय बी अशीच गेली वं. छातीतच होतं तिच्या. ही तवा बारा-तेरा वर्षाची, हीच करे मायचं सारं." माझ्या हातातलं पाण्याचं भांडं तिथंच राहिलं. म्हणजे तुम्हांला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुम्ही तुमच्या आईला त्यात झिजताना पाहिलं होतं आणि तरी तुम्ही मला पिल्लं निघू दे म्हणालात. राजूला सांगितलं नाहीत, नंदाला सांगितलं नाहीत. पोटच्या पोरीला तरी सांगायचं होतं, बाई. माझा इतका संताप झाला की मी तशीच उठून माझ्या घरी आले आणि मशीनवर बसले. शिवायला काही नव्हतं, नुसतं पायडल मारत राहिले.

आणि ते मशीनही तुमच्यामुळेच. तुमच्यावर नीट रागावताही येत नाही मला. सासूबाई म्हणाल्या होत्या, आपल्या घरच्या सुना लोकांचे ब्लाऊज शिवत नाहीत. तुम्ही चुलीपुढून उठलात, सासूबाईंच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिलात आणि म्हणालात, "शिवू द्या तिले. तिच्या वाटची भांडी मी घाशीन." आणि घासलीत. माझं बस्तान बसेपर्यंत घासलीत, एकदाही बोलून न दाखवता. माझ्या पोराची फी भरली गेली, माझ्या हाताला मान आला, तो त्या ओट्यावरच्या मशीनमुळे. तुमचं ऋण माझ्यावर आहे आणि ते मला जड झालेलं नाही, कधीच नाही झालं.

आता नंदाचं सांगते.

तिच्या मामानं तेरवीला तिला साडी नेसवली. महिन्याच्या जेवणाला तीच नेसायची, म्हणून तिचं माप घ्यायला मी तिला ओट्यावर बोलावलं. बोलत बोलत टेप लावली. डाव्या काखेखालून टेप घेतली तशी तिनं अंग चोरलं. खाण तशी माती म्हणतात ते रूपाबद्दल म्हणतात, गुणांबद्दल म्हणतात. मी म्हटलं, देवा, यात नको.

"काय झालं?"

"काही नाही वं काकू. गुदगुल्या झाल्या."

"नंदा."

तिनं खाली पाहिलं. मग सांगितलं. बारकी गाठ आहे, दुखत नाही. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईनं उन्हाळ्यातच तपासणी करून घ्या म्हटलं होतं. पण तेव्हा तुमचं सलाईन चालू होतं. आई तिकडे पडलेली असताना मी माझं कुठं काढू, असं तिला वाटलं. नवऱ्यालाही बोलली नव्हती. मी तिला तिच्या आजीचं सांगितलं. तुम्ही सांगायला हवं होतं ते मी सांगितलं. ती ऐकत राहिली, कापडाची घडी उलगडत आणि परत घालत.

"मंग जाऊ," ती म्हणाली. "कवडीची पिल्लं निघू दे, मंग जाऊ."

तेच शब्द. तोच सूर. भिंतीपलीकडून तुम्हीच बोललात असं वाटलं मला.

मी सगळं करून पाहिलं. कवडीकडे मी बघते म्हटलं, तर ती पहिल्यांदाच जरा हसली. "तू? तू तर तिच्या नाकात पीस घालशीन." म्हटलं, नाही घालणार, शपथ घेते. तरी तिचा विश्वास बसेना, आणि बसणार तरी कसा? जन्मभर मी कमावलेलं नाव ते. मग म्हटलं, टोपलं शेजारच्या भाभीकडे ठेवू, तिला कोंबड्यांचं चांगलं समजतं. तर म्हणे जागा बदलली की कवडी उठते, आई सांगत होती. बरं, रोज जाऊन संध्याकाळी परत येऊ म्हटलं. तर, मागच्या वेळी मुंगसानं दुपारीच डाव साधला होता. प्रत्येक वाटेवर तुम्ही उभ्या, बाई, तुमचा एकेक कायदा घेऊन.

दोन-चार दिवसांनी तिनं मला अंधाऱ्या खोलीत बोलावलं. मोबाईलच्या बॅटरीवर अंडं धरलं होतं. आत लाल दोऱ्यांसारख्या शिरा आणि मधे एक ठिपका, हलणारा. "पाय न काकू, जीव धरला," ती म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळला होता, की तुम्ही गेल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता. आणि मला कळलं की ही पिल्लं निघेपर्यंत जाणार नाही, आणि निघाल्यावर तर मुळीच जाणार नाही. घारी येतील. थंडी वाढेल. सासरी तूर सोंगणीला येईल. मला तो सगळा रस्ता पाठ होता, एकदा चालून आलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. ती पुढच्या दारी हंडे भरत होती. मी मागच्या बाजूनं तुमच्या घरात शिरले.

कवडीनं मला पाहताच पिसं फुलवली. मी हात खाली घातला तर तिनं मनगटावर अशी चोच मारली की रक्त आलं. काढ म्हटलं, तुझा हक्क आहे. पोटाखाली तिचं अंग भट्टीसारखं तापलेलं होतं, छातीची पिसं गळून उघडं पडलेलं. तिला काखेत दाबून माझ्या घरी आणली, बादलीत पोटापर्यंत बुडवली आणि फरशीवर उलट्या टोपल्याखाली ठेवून वर पाटा ठेवला. मग परत गेले. अंडी गरम होती अजून. गरम राहिली तर नंदा कवडीला परत आणून बसवेल, हे मला ठाऊक होतं. म्हणून ती कुटारातून काढली आणि एकेक करून गार फरशीवर मांडली. आणि तिथंच बसून राहिले. मार्गशीर्षातली सकाळ, दार उघडं, वारा येत होता. मधूनमधून एखादं गालाला लावून पाहायची. गार झाली तेव्हा उठले.

ती जिवंत होती, बाई. मी बॅटरीवर पाहिलं होतं. मला कोणी सांगू नका की ती नुसती अंडी होती.

नंदा आली. आधी तिला कळलंच नाही. मग फरशी दिसली. मग माझं मनगट दिसलं.

"काय केलं हे? काकू, काय केलं हे तू?"

"उठवली."

"माह्या आईची कोंबडी! तिची एक गोष्ट, एकच गोष्ट ठेवता नाही आली तुले?" ती हंडा तसाच टाकून खाली बसली आणि रडायला लागली. तुम्हांला नेलं तेव्हा ती रडली नव्हती. बाया तिला रड म्हणत होत्या, कोंडून ठेवू नको म्हणत होत्या, आणि ती कोरडी बसून होती. आता ती त्या गार अंड्यांपुढे बसून अशी रडत होती की शेजारची भाभी भिंतीवरून डोकावली. मला काय काय बोलली. आई नेहमी म्हणायची, सुमनला माया नाही, असं म्हणाली. तुम्ही तसं म्हणत होतात का? म्हणत असाल तर असो.

रडणं ओसरल्यावर मी म्हटलं, "आता पिल्लं निघायची नाहीत. आता कोणासाठी थांबतेस ते सांग."

ती उठली, तोंड धुतलं आणि साडी बदलली. मी आधीच पिशवी भरून ठेवली होती.

गाडीत ती माझ्याजवळ बसली नाही, पुढच्या बाकावर बसली. अमरावतीला दवाखान्यात नंबर लागला तशी मी उठले, तर म्हणाली, "तू बस. मी जाते." गेली एकटी. मी बाहेर त्या हिरव्या खुर्च्यांवर बसून होते. तुमच्या वेळी बसायची त्याच रांगेत. मग आतून सिस्टरनं मला हाक मारली. याही वेळी डॉक्टर माझ्याशीच बोलला, पण आवाज वेगळा होता. गाठ आहे. सुई घालून तपासणीला घेतलं आहे. रिपोर्ट आला की काय ते ठरेल, काहीही निघालं तरी लवकर आणलं ते बरं केलं. मी पुन्हा विचारलं, लवकर ना? तो म्हणाला, हो बाई, लवकर. मी त्या टेबलापाशीच रडले. नंदा भिंतीकडे तोंड करून ब्लाऊजची हुकं लावत होती.

परतीच्या गाडीत जागा नव्हती, म्हणून तिला माझ्याजवळ बसावं लागलं. वलगाव गेलं. बाहेर कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बाया वाकलेल्या. ती खिडकीतून पाहत होती. मला वाटलं झोप लागली. मग ती माझ्याकडे न वळताच बोलली.

"काकू."

"काय?"

"आईले कावून नाही नेलं अशी उठवून?"

तिनं ते 'का' परत विचारलं नाही. आपलं दर्यापूर येईपर्यंत मी मांडीवरची पिशवी धरून बसले.

तिला नाही सांगितलं, तुम्हांला सांगते. तुम्ही थोरल्या. तुम्ही 'जाऊ दे' म्हटलं की मी टेप गळ्यात अडकवून मुकाट मशीनवर जाऊन बसायची. तुमच्याशी भांडता येत होतं, रुसता येत होतं, तुमची भाजी झाकणाशिवाय आली तरी खाता येत होती. थोरल्या जावेचा दंड धरून तिला गाडीत बसवायचं असतं, हे मला कोणी शिकवलं नाही. तुम्हीही नाही शिकवलं. बाकी सगळं शिकवलंत.

आज कवडी परसात फिरते आहे, अजून अंडी द्यायला लागली नाही. परवा रिपोर्ट आणायचा आहे. नंदा म्हणते, एकटी जाईन, तुझी सोबत नको. मी जाणार आहे. तिनं हवं तर पुढच्या बाकावर बसावं. घरी आल्यापासून ती माझ्या हातचा चहा घेत नाही, भिंतीवरून हाक मारली तर ओ देत नाही. तुमच्या कोंबडीची खुनी म्हणून तिनं मला ओळखावं, दर वर्षी माहेरी येऊन भांडावं, मी मेल्यावर माझ्या तेरवीला सुद्धा लोकांना सांगावं की ही बाई कशी होती. आपल्या नातवंडांना सांगावं. बाई, मला काही वाटणार नाही. तुम्ही फक्त तिला म्हातारी होऊ द्या.